झरमॅट कसं बघावं: सकाळी डोंगर, दुपारी गाव

आमच्याकडे स्वित्झर्लंडला येणारे पाहुणे युंगफ्राउयोख आणि टिटलिस घरूनच ठरवून येतात. मी बर्नला राहते, त्यामुळे उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: झरमॅट, मॅटरहॉर्न डोंगराच्या पायथ्याचं गाव. पुण्याच्या आत्याने लगेच विचारलं होतं, "एका डोंगरासाठी एवढं भाडं?" प्रश्न रास्त आहे. मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर उंच असला तरी दिवसचे दिवस ढगाआड बसू शकतो. म्हणून दिवस असा आखायचा, की डोंगराने पाठ फिरवली तरी गावाने पैसे वसूल करून द्यावेत.

बर्नहून सकाळची पहिली गाडी धरा. २००७ साली सुरू झालेल्या लोएचबर्गच्या लांब बोगद्यामुळे तासाभरात फिस्पला पोचता येतं. तिथे छोट्या लाल गाडीत बदलायचं आणि उजवीकडची खिडकी पकडायची. ही गाडी तासाभरात साडेनऊशे मीटर वर चढते. वाटेत रांडा गावापाशी उजव्या हाताला राखाडी दगडांचा प्रचंड उतार दिसतो. १९९१ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत तिथला कडा दोन टप्प्यांत कोसळला; सुमारे तीन कोटी घनमीटर खडक खाली आला. रेल्वे, रस्ता, नदी, सगळं अडलं. या दरीत येण्याजाण्याची वाट एकच, म्हणजे ती तुटली की वरचं गाव तुटलं. झरमॅट शेकडो वर्षं गरीब का राहिलं हे समजायला ही खिडकी पुरेशी आहे.

पुढच्या टेश स्टेशनवर भाड्याच्या गाडीने आलेले सगळे आपापल्या गाड्या ठेवून आपल्यात सामील होतात, कारण झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चालत नाहीत. गावात फिरतात त्या चौकोनी विजेच्या गाड्या. त्या मागून आलेल्या कळतही नाहीत, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका.

उतरल्यावर पहिलं काम वर बघणं. डोंगर मोकळा असेल तर गावात रेंगाळू नका. समोरच गोर्नरग्राट या डोंगरधारेवर जाणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीचं स्टेशन आहे. स्विस ट्रॅव्हल पासवर निम्मं तिकीट पडतं. इथेही उजवीकडे बसा. १८९८ साली सुरू झालेली ही गाडी पहिल्या दिवसापासून विजेवर चालते, आणि अर्ध्या तासात तुम्हाला ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते. वर पळापळ करू नका, धाप लागते. सगळे मॅटरहॉर्नकडे तोंड करून फोटो काढत असतात. तुम्ही जरा वळा. समोर मोंटे रोझाचा पसारा आहे, त्यातलं दुफोरश्पित्से ४,६३४ मीटर, म्हणजे स्वित्झर्लंडचं सर्वांत उंच शिखर. मॅटरहॉर्न नव्हे! खाली गोर्नर हिमनदी. तिच्या दोन्ही कडांना उघडा पडलेला फिका खडक दिसतो ना, बर्फ पूर्वी तिथपर्यंत होता.

परतीला रोटेनबोडेन स्टेशनवर उतरा आणि दहा मिनिटं खाली चालत रिफेलझेला जा. या तळ्यात डोंगर उलटा दिसतो, पण वारा सुटायच्या आत पोचलात तरच. जूनपर्यंत तळं बर्फाखाली असू शकतं, मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

तळ्याकाठी बसलात की मुलांना एवढं सांगा. मॅटरहॉर्नच्या वरच्या भागातला खडक आफ्रिकेकडच्या भूखंडाचा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी, या परिसरात, एका मिटून गेलेल्या समुद्राचा तळ वर आलेला आहे. तो टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राचा पश्चिमेकडचा फाटा होता. टेथिसच पुढे पूर्वेला मिटला तेव्हा हिमालय उभा राहिला. टोकदार आकार मात्र नंतरचा, चारी बाजूंनी हिमनद्यांनी कोरून काढलेला.

दुपारी ढग जमू लागले की खाली गावात या. सकाळीच ढग असतील तर वरचं तिकीट काढूच नका, इथूनच सुरुवात करा. मुख्य रस्त्यावरची घड्याळांची दुकानं झपाझप ओलांडून हिंटरडोर्फच्या गल्लीत शिरा. उन्हाने काळी पडलेली लार्चच्या लाकडाची कोठारं, वर दगडी फरशांचं छप्पर, खाली लाकडी पाय. प्रत्येक पायावर जात्याच्या तळीसारखा सपाट गोल दगड आहे. उंदराला तो ओलांडून धान्यापर्यंत चढता येत नाही. पर्यटक यायच्या आधीचं झरमॅट हे असं होतं: राय नावाचं धान्य, गुरं, आणि थिओडुल खिंडीतून इटलीकडे जाणारी वाट.

मग चर्चजवळचं मॅटरहॉर्न संग्रहालय. तिथे तुटलेला दोर काचेत ठेवला आहे. १४ जुलै १८६५ ला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परची सात जणांची तुकडी पहिल्यांदा माथ्यावर पोचली. उतरताना तुकडीतल्या हॅडोचा पाय घसरला, त्याने वाटाड्या क्रोझला धडक दिली, त्यांच्यामागून हडसन आणि लॉर्ड डग्लसही ओढले गेले. डग्लस आणि दुसरा वाटाड्या थोरला ताउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे गेले, व्हिम्पर आणि ताउगवाल्डर बापलेक वाचले. दोर कापल्याचा संशय म्हाताऱ्या ताउगवाल्डरवर आला, चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. डग्लसचा देह कधीच मिळाला नाही. दोर बघून झाला की चर्चलगतच्या गिर्यारोहकांच्या दफनभूमीत पाच मिनिटं काढा.

त्या अपघाताने गावाचं नाव जगभर झालं, पण पाहुण्यांची सोय आधीच उभी राहत होती. अलेक्झांडर झायलर १८५० च्या दशकात इथे आला आणि त्याने हॉटेल मोंटे रोझा नावारूपाला आणलं. व्हिम्परची तुकडी त्याच हॉटेलातून निघाली. गावाला पैसा दाखवणाऱ्या या माणसाला गावकऱ्यांनी आपल्यात घ्यायला मात्र वर्षानुवर्षं नकार दिला. प्रकरण थेट राजधानी बर्नपर्यंत गेलं, तेव्हा कुठे त्याला गावचा रहिवासी म्हणून हक्क मिळाला. मला गावकऱ्यांचीही बाजू पटते: कुरणं आणि जंगल सामाईक, त्यात बाहेरच्याला वाटा का द्यायचा? त्यांच्या मूळ रहिवाशांच्या संस्थेने स्वतःचं भव्य हॉटेल झरमॅटरहोफही बांधलं, आणि ते आजही तिच्याच मालकीचं आहे. १८९१ ला रेल्वे आली, त्याच वर्षी झायलर वारला.

आता पोटाचं. स्टेशनसमोरच्या सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं घ्या. शाकाहारी असाल तर हॉटेलात र्योश्टी (किसलेल्या बटाट्याचा तव्यावरचा पदार्थ) मागवताना "ओने श्पेक" म्हणा, नाहीतर त्यात डुकराचं मांस येऊ शकतं. पाणी विकत घेऊ नका. १९६३ साली दूषित पाण्यामुळे इथे टायफॉइडची साथ आली होती, चारशेहून अधिक आजारी पडले, तिघे दगावले, भर हंगामात गाव रिकामं झालं. आज त्याच गावात रस्त्याकडेच्या कारंज्यांखाली बाटली भरून घ्यायला हरकत नाही, फक्त ‘पिण्याचं पाणी नाही’ अशी पाटी नाही ना एवढं बघा. मुक्काम करायचा असेल तर टेश किंवा फिस्प खिशाला बरं. त्याच दिवशी परतायचं असेल, तर फिस्पहून पुढची शेवटची गाडी कितीची आहे ते सकाळीच बघून ठेवा.