ज्येष्ठांच्या आरोग्याचा अभ्यास गावासोबत कसा करावा

प्रश्नावली छापून गावात जाऊ नका. २०११च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढची माणसे सुमारे ११ टक्के होती, देशात केरळच्या खालोखाल. माणसे भरपूर आहेत. अभ्यास फसतो तो प्रश्न बाहेर ठरल्यामुळे. रक्तदाबाचा तक्ता आखून होतो आणि सत्तरीतल्या आजीची खरी अडचण असते पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, नाहीतर बसची उंच पायरी.

आधी आठ-दहा जणांची समिती करा. निम्म्याहून जास्त सदस्य साठीपुढचे हवेत. त्यांत एकटी राहणारी एक आणि अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करणारे एक असावे. पंच आणि देवस्थान समितीला कळवा, पण सदस्य निवडण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नका. सभेत नेहमी बोलणारेच पुढे येतात. बायकांची बैठक वेगळी घ्या. ‘उठल्यापासून निजेपर्यंत कुठे अडतं?’ एवढेच विचारा. तीन बैठकांनंतर एकच प्रश्न निवडा.

मग एका पानाचा करार: फॉर्म कोणाच्या कुलपात, स्वयंसेवकांना मानधन किती, निष्कर्ष गावाला कोणत्या महिन्यात. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी येईपर्यंत एकही फॉर्म भरू नये. वाचता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना साक्षीदार अभ्यासगटाबाहेरचा हवा.

फॉर्म मराठीत असतो आणि उत्तर येते कोकणीत. स्वयंसेवक जागच्या जागी भाषांतर करू लागले की वाड्यागणिक प्रश्न बदलतो. भोवळ, अशक्तपणा, विसरणे यांचे त्या गावातले शब्द समितीकडून आधी लिहून घ्या. वय नक्की सांगता येत नसेल तर १९६१ची गोवा मुक्ती किंवा जानेवारी १९६७चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का, यावरचे मतदान) आठवतो का, तेव्हा शाळेत होता की लग्न झाले होते, असे विचारा. स्मृतिचाचणीत तारीख चुकली म्हणून लगेच गुण कापू नका. अनेकांना तिथी आणि महिना अचूक ठाऊक असतो. शाळेत न गेलेल्याला वाचायला लावणे म्हणजे नसलेला आजार नोंदवणे.

चालण्याच्या चाचणीत सर्वांत जास्त चुका होतात. हात असलेली, सुमारे ४५ सेंटिमीटर उंच, न डगमगणारी खुर्ची घ्या. तिच्यापासून ३ मीटरवर जमिनीला पट्टी चिकटवा. उठणे, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जाणे, वळणे, परत येऊन बसणे. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा. काठी चालते, फक्त नोंद करा. प्लास्टिकची खुर्ची वाकते, गुळगुळीत फरशीवर पाऊल जपून पडते आणि नातवंडे बघत असली की आजोबा धावतात. तिन्हींमुळे आकडा खोटा येतो. एकदा सराव करून घ्या. मोजताना एकजण हाताच्या अंतरावर उभा हवा.

घरी गेल्यावर सून किंवा मुलगा उत्तरे देऊ लागतो. त्यांना वेगळे प्रश्न विचारा, आजीचे उत्तर आजीकडूनच घ्या. दुपारची वामकुक्षी, भातलावणी, काजूचा हंगाम, चतुर्थी आणि गावची जत्रा टाळा.

स्थानिक माणसांना शिकवून हे जमते, याला गोव्यातच आधार आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मदत केल्याचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला; ज्येष्ठांतले नैराश्य टाळण्यासाठी तज्ज्ञ नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी केलेल्या कामाचा २०१९मध्ये. पण मदतीला तज्ज्ञ हवेतच. रक्तदाब १८०/११० किंवा वर आला तर त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण नेणार, हे मोजणी सुरू होण्याआधी नावानिशी ठरवा. इथे चालढकल अजिबात चालत नाही.

निष्कर्ष तीन महिन्यांत, आधी समितीला आणि मग देवळाच्या सभामंडपात, मोठ्या अक्षरांत. लहान वाड्यावर ‘एकटी राहणारी विधवा, पडली’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. पाचांपेक्षा कमी आकडा जाहीर करू नका. निष्कर्षांवरून दुरुस्ती झाली, म्हणजे समजा पायऱ्यांना कठडे बसले, की सहा महिन्यांनी त्याच माणसांना त्याच खुर्चीवर बसवून पुन्हा मोजा.