एक सर्जन म्हणतात मणक्याचं फ्यूजन करा, दुसरे म्हणतात गरज नाही... मग ठरवायचं कसं?

आईच्या वेळी अगदी हेच झालं. एका सर्जननी सांगितलं एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन मणक्यांना, स्क्रू टाकून फ्यूजनच करावं लागेल, म्हणजे ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडायचे, दुसऱ्यांनी तोच एमआरआय बघून सांगितलं की नुसती दबलेली नस मोकळी करू, स्क्रू नकोत. घरात आठवडाभर कोणाला धड झोप नव्हती.

आधी एक महत्त्वाचं. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचललं जात नसेल, तर मतं गोळा करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. हे नसेल तर सहसा विचार करायला वेळ असतो.

तिसऱ्या डॉक्टरांकडे पळण्याआधी पहिल्या दोघांचं नक्की कुठे जुळत नाहीये ते शोधा. नस दबलीये हे बऱ्याचदा दोघांनाही मान्य असतं, वाद असतो तो मणका जागेवर स्थिर आहे की हलतोय यावर, आणि झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये ते नीट कळेलच असं नाही. त्यासाठी पुढे वाकून आणि मागे वाकून एक्सरे काढतात, फ्लेक्शन-एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. आईचा तो कोणी काढलाच नव्हता! काढल्यावर डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावून वरचा मणका खालच्यावर किती पुढे आलाय ते पट्टीने मोजून दाखवलं, आकडा जवळजवळ तोच होता, म्हणजे मणका थोडा सरकलेला होता पण वाकल्यावर अजून सरकत नव्हता. मग फ्यूजन सांगणाऱ्या सर्जनकडे तेच फोटो नेले तर तेही म्हणाले की आधी नस मोकळी करून बघायला हरकत नाही.

दोघांपैकी एकजण फसवतोय असं लगेच धरू नका. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले, स्वीडनच्या २४७ पेशंटच्या अभ्यासात नस मोकळी करताना फ्यूजन जोडून दोन वर्षांनी वेगळा फायदा दिसला नाही, अमेरिकेतल्या ६६ जणांच्या अभ्यासात मात्र फ्यूजनवाल्यांना थोडा जास्त आराम आणि परत ऑपरेशनची वेळही कमी. म्हणजे मोठमोठ्या सर्जनमध्येही खरंच मतभेद आहेत. ट्यूमर, फ्रॅक्चर, इन्फेक्शन, पाठीचा वाढत जाणारा बाक असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फ्यूजनला सहसा ठोस कारण असतं.

दोघांना सेम प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. फ्यूजन नक्की कशासाठी, ते नाही केलं तर काय होईल, आणि कमी काय होणार, पायातली कळ की कंबर? हा शेवटचा प्रश्न सोडू नका, कारण नस मोकळी केल्यावर पायाचं दुखणं जसं कमी होतं तशी कंबर बरी होईलच असं नाही. नुसतं "गॅप आलाय" एवढ्यावर हो म्हणू नका, वय वाढलं की काही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, झिजलेली दिसते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टचा कागद नाही तर मूळ फिल्म किंवा सीडी न्या आणि पहिल्यांचं मत आधी सांगू नका, त्यांना तपासून बोलू द्या, मग सांगा.

फ्यूजनच ठरलं तर सिगारेट, शुगर आणि हाडांची ताकद याबद्दल आधीच बोला, हाड जुळायला सहा महिने ते वर्षभर लागतं आणि सिगारेट चालू असेल तर ते न जुळण्याचा धोका वाढतो.