मटणाचा तुकडा कुठल्या भागाचा, हे हाडावरून कसं ओळखावं

‘जिगो’ हा शब्द घ्या. फ्रान्समध्ये तो मेंढीच्या मागच्या पायाला वापरतात, स्कॉटलंडमध्येही अर्थ तोच. आयर्लंडमध्ये मात्र जिगो चॉप मागितला तर खांद्याचा तुकडा मिळतो. म्हणजे एकाच नावाखाली जनावराच्या दोन टोकांचं मांस, आणि दोन्ही शिजायला लागणारा वेळ अगदी वेगळा. म्हणूनच नावांच्या याद्या पाठ करण्याआधी हाडं ओळखायला शिका. नावं त्यानंतर आपोआप जागेवर बसतात.

१. जनावर डोळ्यांसमोर उभं करा

पुढून मागे जा: मान, खांदा म्हणजेच फरा, त्याखाली छाती, मग बरगड्या, पाठ आणि कंबर, शेवटी मांडी. चारही पायांच्या खालच्या भागात नळ्या. बकरी, मेंढी, गाय, डुक्कर, सगळ्यांची मांडणी साधारण अशीच असते, फरक आकाराचा.

आता कुठला स्नायू किती राबतो, ते पाहा. मान सतत खाली-वर होते, पुढचे पाय शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पेलतात, नळ्यांना तर क्षणाचीही उसंत नसते. राबणाऱ्या स्नायूंत कोलॅजनचे पांढरे पडदे आणि धागे जास्त असतात, म्हणून ते मांस चिवट लागतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ ओलसर शिजवलं की हेच कोलॅजन विरघळून रस्सा दाट करतं. पाठीच्या स्नायूंना त्या मानाने काम कमी, म्हणून ते लवकर शिजतात आणि फार शिजवले तर कोरडे पडतात.

२. हाडाचा आकार बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण हाड फसवत नाही.

चपटं, पातळ, पंख्यासारखं पसरलेलं हाड खांद्याचं. त्याच्या एका बाजूवर उभी कड असते. खांदा आडवा कापला, की हाडाचं पान आणि ती कड मिळून कापावर इंग्रजी सातच्या आकड्यासारखी आकृती दिसते. अमेरिकेत गोमांसाच्या अशा तुकड्याला ‘सेव्हन बोन’ म्हणतात. त्यात सात हाडं असतात असा समज होतो, पण नाव पडलं ते या आकृतीवरून. हाडाभोवती नीट पाहिलंत तर लहान-लहान बरेच स्नायू वेगवेगळ्या दिशांना गेलेले दिसतील आणि त्यांच्यामध्ये चरबीच्या रेघा असतील. मंद आचेवरच्या रश्श्यासाठी माझ्या मते यापेक्षा चांगला भाग नाही.

गोल हाड आणि मध्ये मज्जा दिसली तर तुकडा पायाचा. पण पुढच्या की मागच्या? मांस बघून ठरवा. मांडीच्या कापात मोजकेच, मोठे आणि सलग स्नायू असतात, मध्ये बारीक पांढरी रेघ. पुढच्या पायाच्या कापात स्नायू लहान आणि जास्त. गोल हाड मोठं पण मांस थोडं आणि शिरा-पडदे पुष्कळ असतील तर ती नळी.

इंग्रजी टी अक्षरासारखं हाड कमरेचं. टीच्या एका बाजूला मोठा गोल स्नायू, दुसऱ्या बाजूला लहान. तो लहान स्नायू म्हणजे मणक्यांच्या आतल्या अंगाला असणारा, सगळ्यात मऊ भाग. बरगडीच्या चापेत, म्हणजे चॉपमध्ये, तो नसतो: तिथे एकच गोल स्नायू आणि त्याला जोडलेली लांब, वाकलेली बरगडी. बकरी-मेंढीला बरगड्यांच्या सहसा १३ जोड्या असतात.

मध्ये भोक असलेला ओबडधोबड मणका आणि भोवती घट्ट मांस असलं तर मान. मांस, चरबी, पुन्हा मांस असे थर आणि मऊ, कुरकुरीत हाडं दिसली तर सीना, म्हणजेच छाती.

३. हाड काढलेलं असेल तर

मग धाग्याकडे बघा. जाड, ठळक आणि सरळ धागा बहुधा मांडीचा किंवा छातीचा. छातीच्या मांसाला चरबीचा थर चिकटलेला असतो. बारीक, मऊ धागा पाठीचा. एकाच तुकड्यात धागे तीन दिशांना जात असतील तर खांदा समजा.

४. आता नावं जुळवा

मराठीत खांदा किंवा फरा म्हणतो, तो हिंदी-उर्दूत दस्त किंवा दस्ती. मांडी म्हणजे रान, मान म्हणजे गर्दन. सीना आणि चाप दोन्हीकडे चालतात. कमरेच्या आतला मऊ स्नायू आपल्याकडच्या इंग्रजीत अंडरकट, ब्रिटनमध्ये फिलेट, अमेरिकेत टेंडरलॉइन.

गोमांसात गोंधळ जास्त. ब्रिटनचं सरलॉइन कमरेचं असतं. अमेरिकेत सरलॉइन म्हणतात तो त्याच्या मागचा भाग, ज्याला ब्रिटनमध्ये रम्प म्हणतात. अमेरिकेत पोर्टरहाउस म्हणजे टी हाडासकटचा मोठा तुकडा, तर ऑस्ट्रेलियात याच नावाने बिनहाडाचा तुकडा विकतात. ब्राझीलचं पिकान्या म्हणजे ब्रिटनचं रम्प कॅप. डुकराचं ‘बोस्टन बट’ नावावरून मागच्या बाजूचं वाटतं, पण ते खांद्याचं.

जनावराचं नावही तपासा. भारतात मटण म्हणजे बहुतेक वेळा बकऱ्याचं, ब्रिटनमध्ये मात्र मोठ्या मेंढीचं. लॅम्ब म्हणजे साधारण वर्षाच्या आतलं कोकरू.

५. मागताना

परक्या ठिकाणी नाव सांगण्यापेक्षा भाग आणि बेत सांगा: “खांद्याचं, हाडासकट, दोन तास शिजवायचंय.” शंका वाटली तर स्वतःच्या खांद्यावर किंवा मांडीवर हात ठेवून दाखवा; भाषा येत नसली तरी कळतं. आणि खिमा हवा असेल तर आधी अख्खा तुकडा बघून निवडा, मग तोच समोर बारीक करून घ्या. एकदा खिमा झाला, किंवा तुकड्यांना मसाला लावला, की हाड आणि धागा दोन्ही नजरेआड जातात.