गिअरबॉक्स खोलण्याआधी तेल बघा

जुन्या ट्रॅक्टरचा गिअर पडताना करकर वाजला, की आधी क्लच पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी चाल) तपासा. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी असंच होतं. मग ट्रॅक्टर थोडा चालवून, गिअरबॉक्सचं तेल कोमट असतानाच काढा. रामटेक-मौदा भागात धानाच्या चिखलणीत चाललेल्या ट्रॅक्टरचं तेल तर नक्कीच बघा: दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, सील आणि गिअर लिव्हरचं रबर तपासा. बारीक चकचकीत भुकटी झिजेची. गिअरच्या दाताचा तुकडा सापडला तर मात्र ट्रॅक्टर पुन्हा सुरूच करू नका. ट्रॅक्टर मधून तोडायचा (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे) झाला तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, दोन्ही भागांखाली जाड ठोकळे आणि पुढच्या एक्सलला दोन्हीकडून लाकडी पाचरी हव्यातच. शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.