अख्खी कोंबडी घरी कशी साफ करायची आणि कशी कापायची

बुधवार, शुक्रवार, रविवार चिकन आणतो आपण, पण पिशवीतला कुठला तुकडा कुठला असं विचारलं तर लेग पीस सोडून काही सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. लग्न होऊन घणसोलीत आले तेव्हा सासूबाईंनी अख्खी कोंबडी पुढ्यात ठेवली आणि शेजारी बसून शिकवलं, तेच सांगतेय.

मारायचं काम मात्र घरी नको. 2001 पासून केंद्राचे नियम आहेत, शहराच्या हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर मारता येत नाही, आणि नवशिक्या हातात त्या जिवाचे हाल होतात ते वेगळंच. दुकानात सांगा, "दादा, पिसं काढून कातडीसकट अख्खी द्या, पोट फोडू नका." पहिल्यांदा ब्रॉयलरच घ्या, हाडं मऊ असतात, गावठी नंतर.

घरी आणली की गॅसच्या मोठ्या आचेवर फिरवून बारीक केस जाळून घ्या. नळाखाली धरून खळाखळा धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात आणि साल्मोनेलासारखे जंतू कोशिंबिरीपर्यंत पोचतात, त्यापेक्षा टिश्यूने पुसा. कच्च्या मटण-चिकनचा बोर्ड वेगळाच ठेवा.

आता पोट. मानेची कातडी चिरून दाण्याची पिशवी आणि श्वासनळी बोटाने सुटी करा. मग कोंबडी उताणी ठेवून छातीच्या हाडाचं टोक संपतं त्याच्या खाली आडवी चीर द्या, फक्त कातडीपुरती, सुरी आत खुपसलीत तर आतडं फुटतं आणि सगळं मांस खराब होतं. दोन बोटं छातीच्या हाडाला चिकटवून आत घाला, कडेचे पडदे सोडवत जा, हृदयापर्यंत हात पोचला की सगळं एकदम हळूच बाहेर ओढा आणि गुदद्वाराभोवती गोल कापून वेगळं करा. कलेजीला हिरवी पिशवी चिकटलेली दिसेल, ते पित्त. ते दाबून सोडवायचं नाही, थोडी कलेजी गेली तरी चालेल पण तिच्यासकट कापून टाका, माझ्या हातून पहिल्यांदा फुटलं होतं आणि अख्खा रस्सा कडू झाला. पेटा, म्हणजे कोंबडीचं दाणे दळणारं जाड जठर, उभा चिरून आतले खडे काढा आणि पिवळी साल नखाने सोला, ताजा असेल तर एका ओढीत निघते. बरगड्यांना चिकटलेली गुलाबी फुप्फुसं खरवडा, शेपटीवरची पिवळट तेलाची गाठ काढा. गावठी मादी असेल तर पोटात पिवळ्या बलकांचा घड मिळतो, मोठ्या गोळीपासून मोहरीएवढीपर्यंत ओळीने, तो टाकू नका, रस्सा झाला की शेवटी सोडा.

ताजी कोंबडी ताठते, म्हणून झाकून फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवा, मगच तुकडे करा.

तुकडे करताना हाडावर घाव घालायचा नाही, सांधा शोधायचा. मांडी आणि अंगाच्या मधली कातडी चिरा, पाय बाहेरच्या बाजूला मोडा, टक् असा आवाज येऊन वाटी सुटते, तिथून सुरी बिनजोर जाते. मांडी आणि तंगडीच्या मध्ये चरबीची पांढरी रेघ दिसते, तिच्यावरच कापा. पंख ओढून खांद्याचा सांधा चाचपडा, तसंच. मग दोन्ही बाजूच्या बरगड्या कापून पाठ वेगळी करा आणि छातीच्या मधल्या हाडाला लागून दोन भाग करा. हाडाचा बारीक चुरा पडत नाही, लहान मुलं जेवायला असली की हे फार महत्त्वाचं आहे.

पाठ, मान, पंजे रश्शाला ठेवा. आतडी वगैरे दुहेरी पिशवीत बांधून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवायची आणि सकाळी घंटागाडी आली की ओल्या कचऱ्यात द्यायची, रात्रभर डब्यात ठेवलीत तर मजलाभर वास जातो. सुरी आणि बोर्ड साबणाने गरम पाण्यात लगेच धुवा, हातसुद्धा.