आफ्रिकन ग्रे घरी आणताना

ग्रे पोपट ४०-५० वर्षं सोबत करतो, म्हणून घाई नको. पायात बंद (जोड नसलेली) कडी, विक्रेत्याची पावती आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवरची नोंदणी या तिन्ही गोष्टी बघूनच पैसे द्या. २०१७ पासून ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये, सर्वांत कडक यादीत आहे. हाताने भरवावं लागणारं पिल्लू स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. गरम घास गळ्याखालची अन्नपिशवी भाजतो, गार घास पचत नाही. स्वतः खाणारं पिल्लूच निवडा. डोळे काळपट असतील तर ते लहान आहे. वय वाढतं तशी बुबुळं पिवळसर होतात.

पिंजरा किमान ३ फूट रुंद, २ फूट खोल, गजांत पाऊण ते एक इंच अंतर.

खरी चूक होते ती खाण्यात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या ग्रेला कॅल्शियम कमी पडतं आणि झटके येतात. निम्म्याहून जास्त पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), सोबत शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा. कोवळं ऊन रोज द्या, पण काचेआडून नको. ॲव्होकॅडो, चॉकलेट वर्ज्य. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर काही मिनिटांत जीव घेतो.

पिसं उपटू लागला, तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी. एकटेपणाचा विचार त्यानंतर.