पलटी झालेली गाडी : आधी खाली वाका

आयटीआयला ‘मेकॅनिक डिझेल’ करून जालन्यातल्या एका गॅरेजात लागलो. पहिल्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या घाटात पलटी झालेला, कापसाच्या गाठींचा ट्रक ओढून आणला. केबिनचा पार पापड झालेला. मी म्हणालो, ही गेली भंगारात. आमचे मिस्त्री, चाचा, म्हणाले, “ऊपर नक्को देख, नीचे देख.”

केबिन नवीन मिळतं, हौदा इथलेच बॉडीवाले बांधून देतात. सगळं अडतं ते चेसिसवर (गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर). ती मोजायला ओळंबा, खडू आणि टेप पुरतो. गाडी सपाट फरशीवर घ्यायची, दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या भोकांतून ओळंबा सोडायचा, खाली खडूने खुणा करायच्या आणि कर्ण मोजायचे. कर्ण जुळले नाहीत तर चेसिस तिरपी. पीळ मात्र या खुणांत दिसत नाही. त्यासाठी त्याच भोकांची फरशीपासूनची उंची दोन्हीकडून घ्यावी लागते.

माझा पहिला स्वतंत्र अंदाज इथेच फसला. कर्ण तंतोतंत जुळले, म्हणून मालकाला बिनधास्त ‘दुरुस्त करा’ म्हणालो. उंची घेतलीच नाही. क्रॉस मेंबरजवळ (चेसिसच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीजवळ) रिव्हेटभोवती रंगाला तडे होते, तेही धुळीत दिसले नाहीत. गाडी रस्त्यावर आली ती एका अंगाला झुकूनच. ते मालक आजही भेटले की चहा पाजतात, पण गाडी दुसरीकडे नेतात.

गॅस लावून चेसिस सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. तापवलं की त्या पोलादाची ताकद जाते. आणि सरळ उभी केलेली गाडी लगेच स्टार्टर मारून बघायची नाही. आडव्या पडलेल्या इंजिनात ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं; ते दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. आधी इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून इंजिन हाताने फिरवा.

आता पैशाचं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. खरी पंचाईत त्याच्या अलीकडे असते. समजा गाडी सात वर्षांची, आयडीव्ही ८ लाख, एस्टिमेट ५ लाख. टोटल लॉस बसत नाही. पण साध्या पॉलिसीत ५ ते १० वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के घसारा (जुनेपणाची वजावट) कापतात, रबर-प्लास्टिकवर ५०. म्हणजे ३ लाखांचे लोखंडी भाग लागले तर १ लाख २० हजार मालकाच्या खिशातून. शिवाय दोन महिने गाडी उभी, हप्ता चालू. हा हिशेब मालकाला कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगितलेलं रागात ऐकू जात नाही. आणि विम्यासाठी नुकसान बघणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एकही नट उघडू नका.

भंगारात द्यायची ठरली तर जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत, गिऱ्हाईक दारात येतं. तरी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, आरटीओला १४ दिवसांत कळवा आणि आरसी (गाडीची नोंदणी) रद्द करून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकाने थोडी जास्त रोकड मिळते म्हणून गाडी परस्पर विकली. वर्षभराने त्याच नंबरची चलनं त्याच्या मोबाइलवर यायला लागली, तीही ज्या गावांना तो कधी गेलाच नव्हता तिथली.